मराठी मंडळाचा मोबाइल

मी एक जुना, काच तडकलेला मोबाइल आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कॉलेजात, मराठी मंडळाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आज मला हातात घ्याल तर नाक मुरडाल. पण एके काळी या मंडळाची सारी भिस्त माझ्यावर होती, हे मी जरा फुशारकीनेच सांगतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो मोतीलाल सरांच्या सदऱ्याचा खिसा आणि त्यातला खडूचा वास. सर मराठी शिकवायचे. त्यांनी नवा मोबाइल घेतला आणि मला मंडळाला देऊन टाकलं. तेव्हा मंडळाची प्रमुख होती लालबर्ऱ्याकडची श्रुतिका. वर्गात हिंदी, कँटीनमध्ये हिंदी. घरच्यासारखं बोलता यावं अशी तिला कॉलेजात ही एकच खोली होती. आणि ती खोली जायच्या बेतात होती, कारण मंडळाच्या कार्यक्रमांना कुणी फिरकत नव्हतं.

श्रुतिकाने माझ्यावर मंडळाचं इन्स्टाग्राम पेज उघडलं. पुस्तकातून वेचून वेचून शब्द लिहिले, 'रसिकहो, सस्नेह निमंत्रण!' नागपूर-पुण्याहून लाल बदाम येऊ लागले. मी तर आनंदाने तापून जायचो. पण कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात पंखे फिरत होते आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. प्राचार्य दारातूनच म्हणाले, "अगले साल भी यही हाल रहा तो कमरा खाली कर देना. टूटी बेंचें रखवानी हैं."

श्रुतिका मंडळाच्या खोलीत परतली. मला मांडीवर घेऊन ती तिथे नुसती बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.

मंडळातला तिचा सोबती राकेश परसवाड्याचा. त्याने माझ्यावरूनच घरी आईला, लीलाबाईंना, स्पीकरवर फोन लावला.

"माय, तू काहून नाही आली? शेजारच्या राजूच्या मोबाइलात निमंत्रण पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं तं. पण मले कोणं बोलावलं? मोबाइलात साऱ्याइलेच सांगतेत. माह्यं नाव घेतलं काय कोणं? बिनबोलावल्याची मी कोठी जात नाही."

राकेश हसला, पण श्रुतिका हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याइचं. आपण साऱ्याइले सांगितलं, बोलावलं कोणालेच नाही."

पुढच्या वर्षी पुस्तकी निमंत्रण बंद झालं. एकेक मुलगा, एकेक मुलगी माझ्यासमोर उभी राहायची आणि घरच्या बोलीत आपल्या माणसांची नावं घ्यायची. राकेश म्हणाला, "माय, तू येजो. अन् शांताकाकीलेही संग आणजो." हे व्हिडिओ पेजवरून गावागावांच्या ग्रुपवर गेले. ज्याचं नाव निघालं त्याला घरी बसवेना, आणि ज्याचं निघालं नाही तो रुसला. श्रुतिकाचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, डोमाजी उकव्याच्या खाणीत कामाला होते. ते तर बसमध्ये बसून थेट भांडायलाच आले.

"भावाचं नाव घेतलं, माह्यं काहून नाही घेतलं?"

"चुकलं, मोठेबाबा. आता बसा ना."

"बसतो, पण समोर बसतो."

ते पहिल्या रांगेत बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. मागे उभं राहायला जागा नव्हती. प्राचार्यही भिंतीला टेकून उभे होते. खोली वाचली. त्या दिवशी श्रुतिकाने माझी काच ओढणीने पुसली. त्याहून मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

मग दिवस पालटले. श्रुतिका नोकरीला नागपूरला गेली. मुलांच्या हाती माझ्याहून देखणे मोबाइल आले, माझी बॅटरी फुगली आणि मी कपाटात जाऊन पडलो. पेज मात्र वाढलं. रंगीत पोस्टर, गाण्यांवर नाचणारी अक्षरं, हजारो लोक. नावं घ्यायची पद्धत कधी सुटली, कुणाला कळलंही नाही.

परवा मंडळाची आत्ताची प्रमुख आम्रपाली मला शोधत आली. गल्लीत जुन्या मोबाइलच्या बदल्यात प्लास्टिकचा टब देणारा आला होता. देण्याआधी काही कामाचं आहे का पाहावं, म्हणून तिने नवी बॅटरी घालून मला चार्जिंगला लावलं. जुने व्हिडिओ पाहत ती आधी हसली, मग तेच व्हिडिओ तिने पुन्हा पाहिले. माझ्यातून श्रुतिकाचा नंबर काढून तिने स्वतःच्या मोबाइलवरून, स्पीकर चालू करून, लावला.

"ताई, आपलं पेज दिसते काय तुम्हाले?"

"हौ, रोज दिसते. साऱ्याच पोस्टले माह्यं लाइक असते."

"मंग कार्यक्रमाले एकदाही काहून नाही आल्या?"



"कोणं बोलावलंच नाही, बाई."

आम्रपालीचा चेहरा उतरला. "श्रुतिकाताई, येत्या शनिवारी कार्यक्रम आहे. तुम्ही या."

पलीकडून 'हौ' आलं, पण ते नीट उमटलं नाही. श्रुतिका रडत होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपलंत तर उपकार होतील. टबाच्या बदल्यात दिलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या प्रत्येक पोस्टला कुणीतरी मुकाट्याने लाइक देऊन जात असेल. त्याला एकदा फोन लावा. तो येईल.