ओठांतल्या टाचण्या

सवय ही मोठी चिवट पाहुणी. येताना विचारत नाही आणि जाताना तिला दार सापडत नाही. शिवणघरातल्या मावशींकडे अशी एक पाहुणी बावीस वर्षं मुक्काम ठोकून होती, आणि गंमत अशी की घरधन्यालाच तिचा पत्ता नव्हता.

मावशींचं काम हातशिलाईचं. चौदा मशीन दिवसभर खडखडायची, कापणीच्या टेबलाशी मास्तर खडू सरकवत उभे असायचे, आणि कोपऱ्यात खिडकीखाली बसून मावशी अस्तर लावायच्या, कडा दुमडायच्या. टाका असा की उलट्या बाजूने शोधून दाखवावा. पण गेल्या वर्षापासून सुईचं एक नेढं त्यांना दोन दिसायला लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बारीक काम सोडा, नाहीतर आहे ती नजरही जाईल. आता ज्याचं पोटच बारीक कामावर, त्याने काय सोडायचं? घरी बहिणीची पोरकी लेक होती, कॉलेजात शिकणारी. मावशींनी तिला काही कळू दिलं नाही. देवाला मात्र रोज सांगायच्या, की बाबा रे, एक दार लावतोस तर दुसऱ्याची कडी तेवढी काढून ठेव.

आणि कडी निघाली. परदेशातली गिऱ्हाइकं फोनवरून मापं द्यायला लागली होती. ती उतरून घेऊन, इंग्रजीत पुन्हा वाचून खात्री करून घ्यायला मालकांना माणूस हवा होता. मास्तरांनी मावशींचं नाव पुढे केलं. कापड यांना कळतं, आकडे यांना येतात, बाहेरचा माणूस कशाला, असं त्यांचं म्हणणं. मालक तयार झाले, पण अट घातली. सहा आठवड्यांनी फोनवर वीस मापं वाचायची, पलीकडची बाई लिहून घेईल. कागद जुळला तर खुर्ची मावशींची, नाहीतर बाहेरचं माणूस येईल.

इंग्रजी वाचायला मावशींना येत होतं. अडत होतं ते उच्चारांचं. म्हणून काम सुटल्यावर कापडाच्या तागांच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. शिकवायला आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. पर्समध्ये पितळी घंटी घेऊन फिरायच्या, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव घंटीबाई पडलं. शिकायला मावशी, मशीनवरच्या दोघी, आणि काज करणारे काजूकाका. काकांना नोकरी नको होती. त्यांचा नातू दूरदेशी वाढत होता आणि आजोबांचं इंग्रजी ऐकून फोनवर खिदळायचा. त्याला एकदा गप्प करायचं, एवढीच काकांची महत्त्वाकांक्षा.

घंटीबाईंनी पुस्तक उघडलंच नाही. त्यांनी खेळ मांडले. रीळ फेकायचं, आणि शब्दात जिथे जोर तिथे ते हातातून सुटलं पाहिजे. ‘थर्टी’ला आधी, ‘थर्टीन’ला शेवटी. मग आरसा. कमरेचं ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा गोल, दोरा सुईत ओवताना करतो तसा. आणि जाकिटाचं ‘वेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर. मग सगळ्यांचा लाडका खेळ, कागदाचा. पातळ कागदाची पट्टी तोंडासमोर धरायची आणि ‘पॉकेट’ म्हणायचं. पट्टी उडाली तर राहिलात, नाहीतर घंटी वाजली आणि बाद.

काकांची पट्टी तर अशी उडायची की दोनदा तागांच्या मागे जाऊन पडली. मशीनवाल्या दोघींचीही उडायची. मावशींची मात्र ढिम्म. ‘पॉकेट’, ‘पॅनल’, ‘पिन’, काहीही म्हणा, कागद जणू भिंतीवर चिकटवलेला. आरशातही ओठांचा गोल व्हायचा नाही. रोज पहिली घंटी मावशींची.

“मावशींच्या पट्टीला अस्तर लावलंय वाटतं,” काका म्हणाले.

सगळे हसले, मावशीही हसल्या, पण हसू ओठांच्या आतच राहिलं. घंटीबाईंना वाटलं, बाई लाजरी आहे. त्यांनी धीर दिला, सोपे शब्द दिले. फरक शून्य. तिसऱ्या आठवड्यात मावशींनी मास्तरांना सांगून टाकलं, माझं नाव काढा, या वयात जीभ वळत नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं. फक्त नाव काढलं नाही.

दोन संध्याकाळी मावशी आल्या नाहीत, तेव्हा तिसऱ्या दिवशी घंटीबाईच भर दुपारी शिवणघरात आल्या. मावशी एका लांब झग्याची घडी बसवत होत्या. ओठांत पाच टाचण्या. त्याच तोंडाने त्या मशीनवालीला दोरा बदलायला सांगत होत्या, मास्तरांना कापड कमी पडल्याचं सुनावत होत्या, आणि काकांना चहा गार होतोय म्हणून बजावत होत्या. सगळं स्पष्ट, अस्खलित. टाचणी एकही हलत नव्हती. मग कोणीतरी सांगितलं की बाई आल्यात. मावशींनी टाचण्या काढून कापडाला लावल्या, बाईंकडे वळल्या, आणि ओठ होते तसेच राहिले. मिटलेले, घट्ट, पाच टाचण्या अजून तिथेच असल्यासारखे.

घंटीबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांनी काकांकडून काडेपेटी मागितली, पाच काड्या ओठांत धरल्या आणि बोलायला गेल्या. दुसऱ्याच शब्दाला तीन काड्या मांडीवर. पुन्हा धरल्या, पुन्हा पडल्या. मशीन थांबली. बाईंनी पर्समधून घंटी काढून स्वतःवरच वाजवली, आणि शिवणघर हसून लोटपोट झालं.

“मावशी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तुमचं तोंड अडाणी नाही हो. फार शिकलेलं आहे. फक्त बावीस वर्षं एकच धडा गिरवतंय.”

मावशींनी नकळत ओठांना बोट लावलं. टाचणी पडू नये म्हणून श्वाससुद्धा नाकाने घ्यायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आणि तोच अडवलेला श्वास बाई त्यांच्याकडे मागत होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, “मग आता काय करायचं?”

“खेळायचं,” बाई म्हणाल्या.

घंटी काकांच्या टेबलावर गेली. नियम एकच. मावशींचा हात टाचणी घेऊन तोंडाकडे गेला की घंटी. त्या रात्री प्रथमच मावशींनी भाचीला सगळं सांगितलं, डोळ्यांचं, खुर्चीचं, टाचण्यांचं. पोरगी आधी रुसली, लपवलंत म्हणून. मग उरलेल्या मखमलीची एक छोटी उशी शिवून तिने मावशींच्या मनगटावर बांधली, टाचण्या टोचायला. टाके वेडेवाकडे होते. मावशींनी एकही उसवला नाही.

पहिल्या दिवशी घंटी एकतीस वेळा वाजली. काका इतके रंगात आले की स्वतःची काजं चुकवून बसले आणि मास्तरांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सव्वीस. मग मशीनवाल्याही डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागल्या. अकराव्या दिवशी वाजली दोनदा. त्या संध्याकाळी मावशींनी पट्टी तोंडासमोर धरली, ‘पॉकेट’ म्हणाल्या, आणि पट्टी हलली. फार नाही, पिकल्या पानासारखी जराशी. मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली. मग पुन्हा म्हणाल्या. पुन्हा हलली. त्या संध्याकाळी त्यांनी तो एकच शब्द इतक्यांदा म्हटला की काकांनी विचारलं, एवढे खिसे शिवणार कोण?

परीक्षेच्या दिवशी मावशींना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं. पहिली सहा मापं नीट गेली. सातव्याला फोनच्या पलीकडची बाई म्हणाली, परत सांगा. मावशी थिजल्या. ओठ आपोआप मिटले, हात मनगटावरच्या उशीकडे गेला. त्यांनी वर पाहिलं. काचेपलीकडे काका उभे होते, एका हातात घंटी. घंटी त्यांनी मुकाट्याने खिशात टाकली, दुसऱ्या हातातली पट्टी तोंडासमोर धरली आणि अशी फुंकर मारली की पट्टी काचेला जाऊन चिकटली. मावशींना हसू फुटलं. हसायला ओठ उघडावे लागतात, आणि उघडले ते मग विसाव्या मापापर्यंत मिटले नाहीत.

संध्याकाळी पलीकडचा कागद आला. एकोणीस मापं जुळली. एका बाहीत अर्ध्या इंचाचा फरक. मालक कागदाकडे पाहत राहिले, मावशी जमिनीकडे.

“अर्धा इंच?” मास्तर म्हणाले. “तेवढी माया तर आपण प्रत्येक शिवणीत सोडतो.”

मालकांनी कागद दुमडला आणि विचारलं, खुर्चीला उशी लागेल का.

सोमवारी मावशी खुर्चीवर बसल्या. फोनच्या दांडीला त्यांनी कागदाची एक पट्टी दोऱ्याने बांधली होती. पहिलं गिऱ्हाईक बोलत असताना टेबलावर पडलेली टाचणी त्यांनी उचलली आणि हात सवयीने वर निघाला. दूरवरून घंटी वाजली. मावशींनी टाचणी मनगटावर टोचली.

“वन मिनिट, प्लीज,” त्या म्हणाल्या, आणि पट्टी उडाली.