खुंट्यावर बसणारी बाई

"शांत, सोशिक आणि मितभाषी," विनीतशेठ माइकवर म्हणाला, आणि दर्शनाच्या हातातला पाण्याचा पेला तोंडाशीच थांबला.

दांडेवाडीच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्या सासूची, आवडाबाईची, शोकसभा चालली होती. टेबलावर फोटो, फोटोला झेंडूचा हार, बाजूला विनीतशेठने घरून पाठवलेली समई. विनीतशेठ म्हणजे वाडीतल्या सगळ्या मोठ्या लाँचींचा मालक, सोसायटीचा चेअरमन, आणि येत्या निवडणुकीला उभा राहणार म्हणून रत्नागिरीत ज्याचं नाव ऐकू येत होतं तो माणूस. आवाज जड करून तो सांगत होता, "काकींनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. माझ्या वडिलांना तर त्या भावासारखं मानायच्या. नवरा दर्यात गेला, पण त्यांच्या तोंडून कधी तक्रारीचा शब्द निघाला नाही."

मागे कुणीतरी खाकरलं. 

दर्शनाने नवऱ्याकडे पाहिलं. अनिल, आवडाबाईचा एकुलता एक मुलगा, पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता आणि विनीतशेठच्या वाक्यावाक्याला मान हलवत होता. दर्शनाची कानशिलं तापली.

मितभाषी म्हणे! आवडाबाईच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असा बाप्या वाडीत शोधून सापडला नसता. मासे विकायला पाटी घेऊन ती बाजारात बसली की शेजारच्या बायका आपली लहान पोरं लांब पाठवायच्या, नको ते शब्द शिकतील म्हणून. फोटोतसुद्धा ती फोटोवाल्याकडे अशी बघत होती, की त्याने बर्फातली शिळी सुरमई ताजी म्हणून तिच्या गळ्यात मारली असावी.

आणि ज्या वडिलांना ती म्हणे भाऊ मानायची, त्या दाजीशेठमुळेच तर सगळं झालं होतं.

अनिल शाळेत होता तेव्हाची गोष्ट. बंदरावर वादळाचा बावटा लागला होता. बावटा लागला की होड्या-लाँची बाहेर काढायच्या नाहीत, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाजारात मासळी कमी, भाव चढलेला. दाजीशेठने खलाशांना सांगितलं, जायचं असेल तर आज जा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. त्या लाँचवर आवडाबाईचा नवरा गंगाराम होता. लाँच गेली ती गेलीच. फळ्या तेवढ्या वेळणेश्वरच्या किनाऱ्याला लागल्या. चौकशी आली तेव्हा दाजीशेठने सांगितलं, खलाशी दारू पिऊन न विचारता लाँच घेऊन गेले. गंगारामने जन्मात दारूला हात लावला नव्हता. वाडीला हे माहीत होतं. वाडी गप्प बसली.

आवडाबाई गप्प बसली नाही. पुढच्या खेपेला बावटा लागला तेव्हा ती जेटीवर गेली आणि दाजीशेठच्या लाँचीचा दोर ज्या लोखंडी खुंट्याला बांधला होता, त्यावर पाय फाकून बसली. "सोडा दोर!" ती ओरडली. "बघते कोण सोडतो तो! घरात बायको नाय काय रे मुडद्यांनो तुमच्या? तिला पण माझ्यासारखी पांढऱ्या कपाळाची करायची आहे?"

लाँच चालवणाऱ्या तांडेलाला दोर कापता आला असता. पण विधवेचे शिव्याशाप घेऊन दर्यावर जायची कुणाची हिंमत नव्हती. एका दांडग्या खलाशाने तिला उचलायचा प्रयत्न केला, तर ती त्याच्या दंडाला कडकडून चावली. लाँच त्या दिवशी सुटली नाही, आणि तिचं पाहून बाकीच्याही थांबल्या.

दाजीशेठने तिची पाटी जेटीवरून खाडीत भिरकावून दिली. वाडीच्या लिलावात तिला कुणी मासळी द्यायची नाही, असा हुकूम सोडला. मग ती एसटीने दुसऱ्या बंदरावर जाऊन मासळी आणू लागली. वासावरून कंडक्टरशी रोज भांडत. पण बावटा लागला की खुंट्यावर हजर. पावसात डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन हजर, अंगात ताप असला तरी हजर. पोरं तिला येडी आवडा म्हणायची. दाजीशेठ मेला, विनीतशेठ आला, तरी ती बसतच राहिली. गंगारामनंतर वाडीतला एकही माणूस वादळात गेला नाही.

हे सगळं त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि प्रत्येकजण माना डोलवत होता.

घरी येताच दर्शनाने चप्पल अशी भिरकावली की ती चुलीपाशी जाऊन पडली.

"मान कसली हलवत होतात हो?"

अनिल टोपीची घडी करू लागला.

"आयेला तो सोशिक म्हणाला. तुमच्या बापाला दारूडा ठरवणाऱ्याला तिने भाऊ मानला म्हणाला. आणि तुम्ही नंदीबैलासारखे..."

"मग काय करू?" अनिल एकदम म्हणाला. "त्याच्याच लाँचवर आहे ना मी? माणूस गेलं, आता भांडून काय परत येणार आहे ती?"

"ती नाय येणार. पण निदान होती तशी तरी राहू दे!"

अनिल पायरीवर जाऊन बसला. मग तिच्याकडे न बघता बोलू लागला. "तुला खरं सांगू काय गो? आये खुंट्यावर बसली की आमची सुटका व्हायची. शेठला नाय म्हणायची छाती होती कुणाची? तांडेल सांगायचा, म्हातारी बसल्ये, दोर कसा सोडू. काम भागायचं. मी लाँचवर तोंड फिरवून उभा राहायचो. लाज वाटायची. आणि एखाद वेळी ती आली नाय तर काय, म्हणून जीव पण खाली-वर व्हायचा."

दर्शना त्याच्याकडे बघतच राहिली. तिला आठवलं, असा बावट्याचा दिवस गेला की दुसऱ्या दिवशी घराच्या कडीला कुणीतरी सरंगा अडकवून गेलेलं असायचं. कोण, ते कधी कळलं नाही. आवडाबाई तो साफ करताना फणफणायची, "तोंड दाखवायला लाज वाटत्ये मेल्याला." दर्शनाला वाटायचं, एखाद्या खलाशाची बायको ठेवून जात असेल. आता ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि सरंगा तोच अडकवायचा का, हे विचारायची गरज उरली नव्हती.

"म्हणजे वाडीभरचे बाप्ये एका म्हातारीच्या लुगड्याआड लपत होतात," ती म्हणाली. "आणि वर तिलाच येडी म्हणायचात."

त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं ते ताट आपटूनच.

सभेला आठवडा झाला नाही, तोच बावटा लागला. सकाळपासून मोबाइलवर सूचना येत होत्या, दुपारी बंदरावर बावटा चढला. आकाश मात्र स्वच्छ. बांगड्याला भाव चांगला होता, बाकीच्या बंदरांतल्या लाँची थांबलेल्या, म्हणजे जो जाईल त्याची चांदी. विनीतशेठचा निरोप आला: बर्फ भरा, निघा.

अनिलने पिशवी उचलली. दर्शना दारात उभी राहिली.

"जाणार?"

"सगळे जातायत."

"बावटा दिसला नाय?"

"दिसला," असं म्हणून तो तिच्या बाजूने निघून गेला.

दर्शनाने बाजारात न्यायची पाटी तशीच ओट्यावर टाकली आणि जेटीकडे निघाली. काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. तिला फक्त संताप येत होता: नवऱ्याचा, शेठचा, त्या लख्ख आकाशाचा, आणि ऐन वेळी मरून गेलेल्या सासूचासुद्धा. जेटीवर पोचली तेव्हा लाँचीचं इंजिन सुरू होतं. अनिल डोलकाठीपाशी दर्याकडे तोंड करून उभा होता. दर्शना सरळ गेली आणि खुंट्यावर बसली.

जेटीवरची माणसं तिच्याभोवती जमली. लाँचीचा तांडेल बाबल्या, पिकल्या मिशांचा, दर्यावर आयुष्य गेलेला माणूस. तो दोर सोडायला पुढे आला होता, तो तिथेच थांबला.

विनीतशेठ गाडीतून उतरून आला. "वहिनी, हे काय? दुखवट्याचे दिवस आहेत, घरी बसा."

"दुखवटा आहे म्हणूनच बसले."

"हे बघा, काकींचं वय होतं, म्हणून आम्ही त्यांचं ऐकून घेतलं. तुमचं नाही ऐकणार."

"ऐकून काय घेतलंस?" दर्शना म्हणाली. "सभेत तर सांगत होतास, तिच्या तोंडून शब्द निघाला नाय म्हणून!"

मागच्या गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. विनीतशेठचा चेहरा लाल झाला. "अनिलची नोकरी माझ्याकडे आहे, विसरू नका."

"माझ्या सासऱ्याची पण तुझ्या बापाकडेच होती. काय झालं त्याचं, सांग की या सगळ्यांना! दारू पिऊन गेला होता ना तो? बोल परत! फोटोला हार घातलास ना तिच्या? मग बोल, तिच्या नवऱ्याने दारू प्यायली होती!"

तिचा आवाज चिरकला होता. जेटीच्या टोकापर्यंत तो ऐकू गेला असणार. विनीतशेठ लाँचीकडे वळला. त्याने बाबल्याकडे बघून हात केला: सोड.

बाबल्याने हात पुसले. "शेठ, बाई बसल्ये खुंट्यावर," तो म्हणाला. "दोर कसा सोडू?"

त्याच्या आवाजातला सुटकेचा सूर दर्शनाने ऐकला. तिने लाँचीकडे पाहिलं. खलाशांच्या चेहऱ्यांवर तोच भाव, डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा. अनिल अजून पाठ करून उभा होता. आणि विनीतशेठवरचा तिचा राग एका क्षणात या सगळ्यांकडे वळला. म्हणजे आता दर्शनाने बसायचं. वर्षानुवर्षं, शिव्या देत, शिव्या खात, येडी दर्शना म्हणवून घेत. आणि हे पुन्हा तोंड फिरवून उभे. ही मेली की हॉलमध्ये हिचाही फोटो, हार, समई.

ती उठली.

"हा घ्या मोकळा झाला खुंटा," ती म्हणाली. "सोड दोर, बाबलकाका."

बाबल्या बघतच राहिला.

"सोड! आता कुणी बाई नाय बसलेली. जायचं असेल तर जा, आणि जायचं नसेल तर आपल्या तोंडाने सांगा त्याला. तोंडं आहेत ना देवाने दिलेली? ती म्हातारी जन्मभर तुमच्यासाठी बोलली, घसा फुटेस्तोवर बोलली. मी नाय बोलणार. मला नाय तुमचा पदर व्हायचं!"

इंजिन धडधडत होतं. बाबल्याने खुंट्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. वाकला. दोराला हात लावला.  हे खरंच गेले तर? पण आता परत बसायचं नाही, एवढं तिने दात आवळून ठरवलं.

"मी नाय जात."

अनिल बोलला होता. आवाज इतका बारीक, की विनीतशेठने "काय?" म्हणून विचारलं.

अनिल वळला. "मी नाय जात, शेठ," तो मोठ्याने म्हणाला. "बावटा लागलाय. माझा बाप असाच गेला. दारू प्यायला नव्हता तो. तुमच्या वडलांनी पाठवला होता." एवढं बोलून त्याने पिशवी खांद्याला लावली आणि लाँचीवरून जेटीवर उडी मारली.

बाबल्याने दोरावरचा हात काढला. तो सरळ व्हायला वेळ लागला, कंबर धरून उभा राहिला. "शेठ, मी पण नाय. बावटा उतरला की बघू." मग एकेक करून बाकीचे उतरले. कुणी बोलून उतरला, कुणी नुसताच. शेवटी कुणीतरी इंजिन बंद केलं.

वादळ आलं नाही. थोडा वारा सुटला, चार सरी पडल्या, आणि दोन दिवसांनी बावटा उतरला. विनीतशेठ सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरला, बाईमाणसाच्या कटकटीपायी एवढा भाव घालवला. त्याने अनिलला काढून टाकलं. बाकीच्यांपैकीही बरेच जण गेले, आणि त्यांच्या जागी त्याने नेपाळी खलाशी आणले. बाबल्याला मात्र ठेवावं लागलं, कारण खाडीच्या मुखाशी वाळूतून लाँच काढायला दुसरा माणूस नव्हता.

अनिलला जयगडला दुसऱ्या लाँचीवर काम मिळालं. घरापासून लांब, कष्ट तेवढेच. वाडीतल्या काही बायका दर्शनाशी बोलेनाशा झाल्या. त्यांचे नवरे घरी बसले होते. एकीने तोंडावर विचारलं, "काय मिळवलंस गो?" दर्शनाने पाटी डोक्यावर घेतली आणि वाट धरली. घरी पोचेपर्यंत ती स्वतःवरच फणफणत होती.

पुढच्या महिन्यात पुन्हा बावटा लागला. ती जेटीवर गेली, पण खुंट्याकडे नाही. तिला बर्फ घ्यायचा होता. विनीतशेठच्या लाँचीवर डिझेल भरलेलं होतं. नवे खलाशी मात्र खाली उतरून जेटीच्या आडोशाला स्टोव्हवर भात शिजवत होते. त्यांच्यात बसून बाबल्या वर बावट्याकडे बोट दाखवत मोडक्या हिंदीत काहीतरी समजावत होता. गंगारामचं नाव तिने ऐकलं. मग आवडाचं. बाबल्या सांगता सांगता आपल्याच दंडाला चावून दाखवत होता, आणि पोरं खो खो हसत होती.

शेठचा फोन आला तेव्हा बाबल्याने आपला मोबाइल एका खलाशाच्या हातात दिला. "तू बोल," म्हणाला. पोरगा गडबडला, उभा राहिला, घसा साफ केला. "सेठ, झंडा लगा है। हम नहीं जाएगा," म्हणाला आणि पलीकडून काय येतंय ते ऐकायला फोन कानापासून लांब धरला.

दर्शना पाटी घेऊन बाजूने चालली होती. एकाने तिला हाक मारून चहाचा पेला पुढे केला. ती उभ्या उभ्या प्यायली. साखर फार झाली होती, आणि तिने तसं त्याला तोंडावर सांगितलं.