सावलीतले तीन वर्ग

सुधन्वाला मुलांची आवड कधीपासून लागली, हे मला कोणीतरी समजावून सांगा. माझ्या पोटचा आहे, छत्तीस वर्षं ओळखते मी त्याला. स्वतःची निधी कितवीत आहे विचारलं तर उत्तरासाठी बायकोच्या तोंडाकडे बघतो. शेजारचं पोर रडायला लागलं तर टीव्हीचा आवाज वाढवतो. आणि असा हा माणूस एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात टॉफ्या आणि हातात मोजायची टेप घेऊन सोसायटीमागच्या गावातल्या शाळेत निघाला. मुलांना प्रॅक्टिकल नॉलेज द्यायचंय म्हणे.

मी पालक निवडत होते, निवडत राहिले. पण जुडी वरून हिरवीगार असली तरी सोडून बघायची असते, एवढं मला कळतं.

आम्ही दिल्लीत यमुनेपलीकडे या सोसायटीत आलो त्याला चार वर्षं झाली. त्याआधी सारा जन्म आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात गेला. आमचे हे, दीनानाथ ढवळे, रिटायर झाले, हा फ्लॅट मिळाला, आणि इथला पहिला उन्हाळाही न बघता गेले. फ्लॅट माझ्या नावावर झाला. सोसायटीच्या रजिस्टरात मेंबर मी आहे, सुधन्वा नाही. मी तिसरी पास. पुढे शिकवलं नाही, कारण धाकटा भाऊ सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पण सही मी अशी करते की बँकेतला बाबू मान वर करून बघतो. ‘मथुरा दीनानाथ ढवळे’, पूर्ण, काना-मात्रेसकट. कुठे अंगठा उमटवला नाही, उमटवणारही नाही.

आमची बाल्कनी पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर. खाली सोसायटीची भिंत आणि भिंतीपलीकडे शाळेचं मैदान. कधीकाळी ही सगळी त्या गावाची शेतं होती म्हणतात. आता शेतांच्या जागी आम्ही उभे आहोत आणि गावाकडे उरलंय चार गल्ल्या, म्हशी आणि ही शाळा. दोन खोल्या, एक पडवी, पाच वर्ग. उन्हाळ्यात शाळा सात ते बारा. सकाळी बाल्कनीत ऊन नसतं, म्हणून मी तिथेच बसते, आणि मग काय दिसेल ते दिसतं.

त्या पोरांचा मला पुळका आहे असं कोणी समजू नये. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तो बडवला की कपाळात ठणका लागतो. पाढे असे ओरडतात की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून जातात. पण बघून बघून मला त्यांचं सगळं पाठ झालं होतं. सकाळी प्रार्थना झाली की तिसरी, चौथी आणि पाचवी हे तीन वर्ग तागाच्या लांब पट्ट्या घेऊन आमच्या भिंतीपाशी येतात. का, तर आमची चार मजली इमारत सूर्य अडवते आणि तिची सावली थेट त्यांच्या मैदानात पडते. पाटीऐवजी लाकडी तख्त्या असतात त्यांच्याकडे. त्यांना पांढरी माती फासायची, हवेत हलवून वाळवायची, मग बोरूने लिहायचं. गणित, धडा, कविता, सगळं त्या सावलीत. सावली भिंतीकडे सरकते तसे तेही सरकतात. दहाच्या पुढे सावली संपते. मग पट्ट्या गुंडाळून सगळी पोरं पडवीत कोंबली जातात आणि बारापर्यंत नुसता गोंगाट. त्या दोन तासांत कोणी काही शिकत असेल यावर माझा विश्वास नाही. शिकायचं ते सकाळी, आमच्या सावलीत.

तर त्या शनिवारी मी सुधन्वाला वरून बघितलं. आधी मला वाटलं, बाई असेल. शाळेत एक तरुण मास्तरीण आहे, जांभळ्या छत्रीची. मी तासभर नजर ठेवली. त्याने एकदा जरी छत्रीकडे बघितलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. पुरुषाचं ते दुखणं निदान ओळखीचं आहे. हा बघत होता आमच्या भिंतीकडे. पोरांना टेपचं एक टोक धरायला लावायचा, दुसरं स्वतः धरायचा, आकडा ओरडायचा, आणि पोरं वहीत लिहायची. भिंतीपासून मैदानातल्या निंबापर्यंत मापं घेतली. भिंतीची लांबी घेतली. शाळेच्या खोल्या कितीच्या आहेत, पडवी केवढी, हे एकानेही मोजलं नाही. प्रॅक्टिकल नॉलेज काय फक्त भिंतीच्याच बाजूला असतं?

त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा गेला. तेव्हा पोरांकडून कागदावर नकाशा काढून घेतला.

मी देवयानीला, म्हणजे सुनेला, सहज विचारल्यासारखं विचारलं, की याला एकदम समाजसेवा कुठून सुचली. ती म्हणाली, आई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच. आणि लगेच डाळीवर फोडणी ओतली, म्हणजे पुढचं बोलणं त्या आवाजात जावं. ज्या बाईला काही माहीत नसतं ती उलट प्रश्न विचारते. ही फोडणी घालते. तेव्हा हिलाही माहीत होतं.

सोमवारी मी स्वतः शाळेत गेले. घंटेची तक्रार करायची, हे निमित्त. मुख्य बहनजींचं, म्हणजे मोठ्या मास्तरणीचं, नाव संतोष. इकडे बायकांचं नाव संतोष असतं. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पायात रबरी चप्पल, बोटांना खडू. शाळेतली एकुलती एक खुर्ची तिने मला दिली आणि स्वतः उभी राहिली. माझी तक्रार तोंडातून निघायच्या आत तिने सुधन्वाचं कौतुक सुरू केलं. म्हणाली, तुमचा मुलगा देवमाणूस आहे. मुलांना माप शिकवलं, नकाशा शिकवला. आता तो वर अर्ज करणार आहे आणि भिंतीच्या बाजूला पत्र्याची शेड येणार आहे, म्हणजे दहानंतरही वर्ग बाहेर बसतील. नकाशाखाली तिनेही सही दिली होती. गुरुवारी वरच्या ऑफिसातले साहेब पाहणीला येणार.

किती वाजता, मी विचारलं.

“ग्यारह बजे. मैंने तो कहा था सुबह बुला लो, बच्चे बैठे हुए दिख जाएँगे. भाई साहब बोले, साहब को ग्यारह का ही टाइम है.”

अकरा वाजता भिंतीपाशी चिमणीसुद्धा नसते. मी घंटेचं काही न बोलता घरी आले.

दुपारी सुधन्वा ऑफिसात होता. फॅक्स मशिनी विकतो तो, नव्या कंपनीत आहे, कमरेला पेजर लावून फिरतो. गेल्या दिवाळीपासून सोसायटीचा सेक्रेटरीही झाला आहे. त्याची फाइल फ्रिजवर होती. मी कोणाच्या वस्तूला हात लावत नाही, पण फ्रिज पुसायचा तर फाइल उचलावीच लागते. निधी शाळेतून आली होती, तिला म्हटलं, बाळ, हे हिंदीतलं मला वाचून दाखव. मला अक्षर लागतं, पण छापील हिंदी सलग वाचायचं म्हणजे दिवस जातो.

नकाशा होता. पोरांच्या मापांवरून कोणीतरी नीटनेटका काढलेला. भिंतीलगतचा पट्टा पिवळा रंगवला होता आणि त्यावर काही लिहिलं होतं.

“रिक्त एवं अनुपयोगी भूमि,” निधीने वाचलं. “म्हणजे एम्प्टी, आजी. कोणी यूज नाही करत.”

पुढे अर्ज. शाळेचा हा भाग वर्षभर ओसाड पडलेला असून सोसायटीतल्या गाड्यांना उभं राहायला जागा नाही, तेव्हा तो पार्किंगसाठी सोसायटीला द्यावा. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे बहुतेकांच्या स्कूटर होत्या. आता ज्याला त्याला मारुती हवी, आणि एकाच्या गाडीमागे दुसऱ्याची अडकून रोज सकाळी आयाबहिणींचा उद्धार. ते मलाही दिसत होतं. त्याच्यावर उपाय काढायला माझी ना नव्हती.

शेवटच्या पानावर मेंबरांच्या सह्या. निधी बोट फिरवत होती आणि एका ठिकाणी थांबून हसली. “आजी, ही तर तू.”

मीच होते. काना-मात्रेसकट. मार्च महिन्यात, होळीच्या पुरणाला चटका देत होते तेव्हा, सुधन्वा कागद घेऊन आला होता. म्हणाला, आई, पाण्याच्या टाकीचं आहे, पटकन कर. हात पुसून मी केली होती. मुलगा वाचून सांगतोय तर आईने वर तपासायचं, अशी वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती.

रात्री जेवताना मी त्याला पानात आमटी वाढत विचारलं, टाकीचं काय झालं रे?

तो घास चावतच म्हणाला, “होईल आई. कागद पुढे गेलाय.”

डोळासुद्धा हलला नाही. देवयानी मात्र लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत होती, ते लागता लागेना.

मी त्या दिवशी भांडले नाही. आमच्या ह्यांच्याबरोबर पस्तीस वर्षं सरकारी संसार केला मी. घरी येऊन ते ऑफिसाबद्दल दोनच वाक्यं बोलायचे, त्यातलं एक हे, की कागदावर हरकत पडली की कागद बसतो. त्याला उठवायला मोठमोठे थकतात. घरात भांडून सुधन्वा फक्त फाइल दुसरीकडे ठेवायला शिकला असता.

गुरुवारी अकराला मी डोक्यावर पदर घेऊन खाली उतरले. मागच्या फाटकातून शाळेत गेले. निंबाखाली पाचजण उभे होते. साहेब, त्याचा एक शिपाई, आमचे अध्यक्ष खुराना, सुधन्वा आणि संतोष बहनजी. समोर पट्टा उन्हात तापून पांढरा झालेला. पडवीतून गोंगाट येत होता. साहेबाने डोक्यावर रुमाल टाकला होता आणि त्याला लवकर जायचं होतं, हे त्याच्या पायांवरून दिसत होतं.

त्याने बहनजीला विचारलं, नकाशा तुमच्या मुलांनीच काढला ना, सही तुमची ना? ती हो म्हणाली. मग त्याने अर्जातली ओळ मोठ्याने वाचली, ओसाड आणि निरुपयोगी. तिला तेव्हा कळलं. तिने आधी पट्ट्याकडे बघितलं, मग सुधन्वाकडे. त्याने टेपची डबी या हातातून त्या हातात घेतली. ती काही बोलायला गेली, तर खुराना म्हणाले, बहनजी, सही तो आपकी है. सरकारी नोकरी तिची. आपल्याच सहीखालचा कागद खोटा आहे असं ती कोणत्या तोंडाने म्हणणार होती?

मी पुढे झाले. सुधन्वा म्हणाला, आई, ऊन फार आहे, तू घरी चल. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. साहेबाला माझ्या हिंदीत सांगितलं, की अर्जावर माझी सही आहे, तिसऱ्या ओळीत. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. चार उन्हाळे रोज सकाळी ही जागा बघते. इथे तीन वर्ग बसतात, सात ते दहा. खोटं वाटत असेल तर उद्या साडेसातला माझ्या बाल्कनीत येऊन बसा, चहा देते, पोरं मोजा.

साहेब म्हणाला, “माताजी, पर साइन तो आपने किया है.”

“किया है. मुझे पानी की टंकी बोलके कराया. अब लिखो, मथुरा ढवले की हरकत है. मैं नीचे साइन करती है.”

खुरानांनी मध्ये पडून बघितलं. म्हणाले, घरातली गोष्ट आहे, बुजुर्ग आहेत, उन्हाने होतं असं. साहेबाने रुमाल काढून मान पुसली. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला लेखी हरकत मागणारी म्हातारी. सरकारी माणूस अशा वेळी काय निवडतो ते मला माहीत होतं. त्याने फाइल शिपायाच्या पाठीवर टेकवली आणि चार ओळी लिहिल्या. मग पेन माझ्यापुढे केलं.

मी पेन घेतलं नाही. कागद घेतला आणि बहनजीकडे दिला, म्हटलं, मोठ्याने वाचा. वर्गात वाचतात तसा तिने शब्द न् शब्द वाचला. सदस्या मथुरा ढवळे यांची हरकत आहे. जागा रोज सकाळी वर्गांसाठी वापरात असल्याचं त्यांचं म्हणणं आहे. सकाळच्या वेळी पुन्हा पाहणी झाल्याशिवाय पुढील कारवाई करू नये. एवढं ऐकून मी सही केली. साहेबाने फाइल मिटली आणि गाडीकडे चालता झाला. खुराना त्याच्या मागे धावले. बहनजी पडवीकडे गेली, कारण पोरांनी तिथे उच्छाद मांडला होता.

सुधन्वा राहिला. चेहरा लालबुंद, उन्हाने की आणखी कशाने कोण जाणे. हळू आवाजात म्हणाला, की मी त्याची सगळ्यांसमोर इज्जत घालवली, आता सोसायटीत त्याने तोंड कसं दाखवायचं. एकदा घरी विचारलं असतंस तर सगळं समजावून सांगितलं असतं, म्हणाला.

“विचारलं होतं,” मी म्हटलं. “सोमवारी रात्री, आमटी वाढताना. तू म्हणालास, टाकीचा कागद पुढे गेलाय. पोरांच्या हातून त्यांचीच जागा मोजून घेतलीस, बहनजीला शेडचं गाजर दाखवलंस, ते एकवेळ लोकांचं झालं, त्यांचं ते तुझ्याशी बघून घेतील. माझ्यापुरतं मी सांगते ते ऐक. तुझं लग्न केलं, तुझ्या कमाईचं जेवते, उद्याही जेवीन. पण तू वाचून दाखवलेल्या कागदावर मी पुन्हा सही करणार नाही. इथून पुढे माझी सही लागली, की कागद घेऊन सकाळी सात ते दहाच्या मध्ये इथे यायचं, या भिंतीपाशी. चपला काढून पोरांच्या तागाच्या पट्टीवर बसायचं. बहनजी वाचतील, मी ऐकेन, आणि मग ठरवीन.”