रखमाजींच्या खिशातला माचा

मी डबा बोलतोय. गोल, पत्र्याचा, मुठीत मावेल एवढा. अंगावर अशी अक्षरं, की अख्ख्या कुंभार पिंपळगावात ती कुणाला वाचता येत नाहीत. त्यामुळे माझ्याबद्दल जो तो मनाला येईल ते सांगतो आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करत नाही.

माझ्या पोटात हिरवीगार पूड होती, माचा नावाची. तिचा जन्म जपानचा. तिकडे या चहाच्या रोपांवर तोडणीआधी तीन-चार आठवडे सावली धरतात, ऊन लागू नये म्हणून. जालन्याच्या उन्हात माणसांचेही एवढे लाड होत नाहीत. मग कोवळी पानं वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. तुमच्या चहाचा चोथा गाळणीत राहतो, माझं मात्र अख्खं पान पोटात जातं. एवढ्या भांडवलावर मी जगभर मिरवतो.

पुण्यातल्या दुकानातून मला तृप्तीने उचललं. ती रखमाजींची मुलगी, पुण्यात नोकरी करते. पोळ्याला गावी येताना तिने मला कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलं.

रखमाजींना सहा वर्षांपासून साखरेचा आजार. गोळ्या चालू होत्या, पण उजव्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली होती. शेतातून येताना एक चप्पल वाटेत निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. एकदा बाभळीचा काटा दोन दिवस पायात राहिला. त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंना रक्त दिसलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून गिरिजाबाई घाबरलेल्या होत्या.

तृप्तीने आईवडिलांना समोर बसवून माझे गुण सांगितले. याने तरतरी येते पण जीव घाबराघुबरा होत नाही, मन शांत राहतं, शरीराची झीज थोपवणारी द्रव्यं यात भरपूर असतात. मी छाती फुगवून ऐकत होतो. पण पोरगी खरं बोलणारी निघाली. जेवणाबरोबर घेऊ नका, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. दिवसाला एक छोटा चमचा पुरे, जास्त घेतलं तर झोप उडेल. आणि हे औषध नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. हे शेवटचं तिने सगळ्यांसमोर सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंनी मला दुधात टाकलं, आलं ठेचलं, वेलदोडा घातला, कडू लागेल म्हणून एवढ्यापुरती वर दोन चमचे साखर. दहा मिनिटं खळाखळा उकळून गाळणीतून गाळलं. रखमाजींनी एक घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "गुरांचा लसूणघास उकळलाय का ह्यात?"

तिथेच माझी कारकीर्द संपायची. पण तृप्ती दर रविवारी फोनवर माझा झाकण उघडलेला फोटो मागायची. पूड कमी झालेली दिसली पाहिजे. रखमाजींनी शक्कल लढवली. दर रविवारी चार चमचे काढून ते कागदाच्या पुडीत साठवत गेले. हरभऱ्याच्या पेरणीआधी बियाणं बुरशीने कुजू नये म्हणून त्याला ट्रायकोडर्मा चोळतात, तीही हिरवट पूडच. त्या दिवशी त्यांनी तिच्यासोबत मलाही बियाण्याला चोळून टाकलं. फेकून देण्यापेक्षा बियाला तरी गुण येईल, असा हिशेब. जपानहून निघताना हरभऱ्याची चाकरी नशिबी आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. हरभरा तरारून उगवला. माझा त्यात वाटा किती, हे विचारू नका.

दिवाळीत तृप्ती आली, वडिलांना जालन्याला तपासायला नेलं. साखर वाढलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तीन महिन्यांत खाली आली नाही तर रोज सुई टोचावी लागेल. आणि या पायाला जखम होऊन ती कळली नाही, तर बोट जाऊ शकतं. 

घरी आल्यावर गिरिजाबाईंनी हरभऱ्याची भानगड सांगून टाकली. वाटलं, आता पोरगी आकाशपाताळ एक करणार. पण तिने फक्त विचारलं, दिवसात चहा किती होतात?

रखमाजी बोटं मोजायला लागले. घरचा एक, बिनसाखरेचा. मग सकाळचा फेरा. ओळखीच्या सात दारांपुढून जायचं आणि प्रत्येक दारात "या, च्या घ्या" व्हायचं. सात कप, कपाला दोन चमचे. या गावात चहाला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. नको म्हटलं की बाई लगेच विचारणार, आमच्या घरचा चालत न्हाई का?

"ऐकून घ्यायचं अण्णा, दोन शब्द," तृप्ती म्हणाली.

"सहा घरी ऐकून घेईन. संघपालच्या घरी काय सांगू?" रखमाजींचा आवाज खाली आला. "माझा बाप त्यांच्या घरी पाणीसुद्धा पेला न्हाई कधी. मी तीस वरसं पेऊन राह्यलो. आता कप बाजूला सारला तर मीनाबाईला काय वाटंल? आजार हाय म्हणून सांगितलं तरी मनात काय येईल?"

संघपाल म्हणजे निवृत्त मास्तर, बौद्धवाड्यात राहणारे, रखमाजींचे शाळेपासूनचे सोबती. मीना त्यांची बायको. त्या एका कपासाठी हा माणूस पायाचं बोट घालवायला निघाला होता. मी आयुष्यभर स्वतःलाच मोठा समजत आलो, पण त्या दिवशी मला त्या चहाचा मान वाटला.

तृप्तीने पुण्याहून आणलेली नवी पूड माझ्यात भरली आणि मला वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. "मंग ह्याला संगं न्या. कप त्यांचा, पाणी त्यांचं, पूड आपली. प्रत्येक घरी चिमूटभरच."

दुसऱ्या दिवसापासून माझी वरात निघाली. एकीने मला मेंदी ठरवलं, एका म्हाताऱ्याने तपकीर समजून नाकाशी नेलं आणि पुढची पाच मिनिटं शिंकत बसला. रखमाजी मात्र सगळीकडे एकच सांगायचे, डॉक्टरांची पुडी आहे, हिच्यावर साखर चालत नाही. डॉक्टरांचं नाव निघालं की आग्रह बंद, गरम पाणी हजर. मीनाबाईंनी तर मोठा कप भरून पाणी दिलं. रखमाजींनी तोंड वेडंवाकडं करत तो तळापर्यंत संपवला. संघपाल मास्तर हसून हसून खोकायला लागले.

तीन महिन्यांनी साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, सुई सध्या नको, गोळ्या आणि चालणं सोडू नका. बोटांचा बधिरपणा तेवढाच आहे, पण वर सरकला नाही. गिरिजाबाई रोज संध्याकाळी तळपाय तपासतात.

तृप्तीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो टाकला. पाहुण्यारावळ्यांत माझं नाव झालं. आता तुम्हाला म्हणून सांगतो. सात कपांतली चौदा चमचे साखर पोटात जायची थांबली, खरा गुण त्याचा. सुंठीवाचून खोकला गेला आणि सत्कार मात्र सुंठीने उरकून घेतला. मी शाल-श्रीफळ परत करणार नाही.

गेल्या महिन्यात माझ्यातली पूड संपली. रखमाजींनी तृप्तीला कळवलंच नाही. रिकाम्या डब्याचं झाकण उघडायचं, कपावर ठोकायचं, ढवळायचं, प्यायचं. सहा घरांत कुणाला कळलं नाही. मीनाबाईंनी मात्र कपात डोकावून पाहिलं.

"भाऊ, नुसतंच पाणी पेऊन राह्यले व्हय?"

रखमाजी चोरी पकडली गेल्यासारखे बसले. मग म्हणाले, "पाणी तुमच्या घरचं हाय ना? मला तेवढंच पायजे व्हतं."

 मीनाबाईंनी हात पुढे करून मला काढून घेतलं. "मंग ह्याचं नाटक इथं कशाला? आमच्या घरी पाणी मागत जा."

तेव्हापासून मी त्यांच्या फळीवर आहे; बाकीच्या सहा घरी रखमाजी आता माझ्याशिवायच चहा नको म्हणतात आणि दोन शब्द ऐकून घेतात. घासूनपुसून मीनाबाईंनी माझ्यात काय भरलंय सांगू? साखर! एवढा मोठा अपमान माझ्या खानदानात कुणाचा झाला नसेल. तक्रार मात्र करत नाही. तुमच्या दारात कुणी चहा नको म्हणाला तर त्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नका, एवढीच माझी विनंती. रोज सकाळी रखमाजी येतात, ओट्यावर टेकतात, आणि मीनाबाई मला हात न लावता त्यांना तांब्याभर पाणी नेऊन देतात.