गादीतला भोपळा

माझ्या नवऱ्याला डेपोच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली, ही बातमी त्याने मला जेवण झाल्यावर सांगितली. आधी सांगितली असती तर समोरची गादी मी उचलून नेली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गादी म्हणजे आमच्या घरातला एक पदार्थ. बटाट्याच्या जाड चकत्या, त्यांवर साय, सायीवर लोणी, लोण्यावर चीज, पुन्हा चकत्या, पुन्हा साय, असे थर रचून ओव्हनमध्ये भाजायचे आणि वर तळलेला कांदा पसरायचा. पिवळी, मऊ, चार बोटं उंच. नाव त्यानेच ठेवलेलं, कारण ती खाल्ली की माणूस आडवाच होतो. दिवस वाईट गेला की गादी, चांगला गेला की गादी, आणि दिवसभरात काहीच घडलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं म्हणून गादी.

तो बस चालवतो. बावीस वर्षं एकच मार्ग, डेपोपासून गावाबाहेरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत. डॉक्टरांचं म्हणणं असं की रक्तदाब वाढलाय, रक्तातली चरबी वाढलीय आणि पोट स्टीअरिंगला टेकायला लागलंय. तीन महिन्यांत आकडे खाली आले नाहीत तर गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवणार.

"खिडकीत बसून मी काय करू?" तो म्हणाला. "लोक विचारणार, बस कधी येईल. आणि ती दुसराच कोणीतरी आणत असणार."

नेमकी त्याच आठवड्यात माझी आई आमच्याकडे राहायला आली. तिच्या घराचं छत गळत होतं आणि कारागिरांनी दोन-तीन महिने लागतील असं सांगितलं होतं. आईने एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली, त्यातली शेवटची बारा मुख्य म्हणून. मीठ चिमटीने, तेल थेंबाने आणि माणूस किलोने मोजायची तिला सवय. मुदतीचं ऐकल्यावर तिने बॅग उघडायच्या आधी आमचं फडताळ उघडलं आणि लोण्याचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

मग सुरू झालं. उकडलेला फ्लॉवर. उकडलेलं गाजर. गाजर उकडलेल्या पाण्यात शिजवलेला भात. माझा नवरा कुरकुर न करता जेवायचा, म्हणजे एखादा लांबलचक अर्ज भरावा तसा वरून खाली ताट संपवत जायचा.

"छान झालंय, आई."

"अजून वाढू?"

"नको, नको. पोट अगदी भरलं."

तिसऱ्या आठवड्यात त्याला वजनकाट्यावर उभं केलं तर एक किलो वाढलेलं. आईने चष्मा पुसला, पुन्हा काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उकडलेल्या गाजराने वजन वाढलेलं मी पहिल्यांदाच बघतेय, जावईबापू."

"पाणी असेल ते, आई. गाजरात पाणी फार."

दुसऱ्या दिवशी त्याच्या गणवेशाचा शर्ट धुवायला घेताना खिशात कागदाची घडी निघाली. तेलाने इतकी पारदर्शक झालेली की तिच्यातून खिडकीबाहेरचं झाड दिसत होतं. डेपोच्या फाटकाबाहेर एक तळणवाला बसतो, त्याचा तो कागद. आईने तो टेबलावर पसरला आणि हाताने सारखा केला. आता घरात महाभारत होणार म्हणून मी मनाची तयारी केली, पण ती खुर्चीत नुसतीच बसून राहिली.

"त्याचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत माझ्या हातचं कोणी मागून घेतलं नाही."

"अगं आई, आजारी माणसं ती. त्यांना कुठली भूक?"

"बरी झालेलीही असायची ना. ती बॅग भरून घरी जाऊन जेवायची."

मी पोस्टात काउंटरवर असते. समोरच्याला पावती देऊन मोकळं व्हायची सवय. इथे पावती कशाची देणार?

सकाळी बघते तर आई बूट घालून दारात उभी. "मी जावईबापूंच्या बसने जाऊन येते," म्हणाली. "कुठपर्यंत जाते ती?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत."

"मग तिथपर्यंत."

पुढे काय झालं ते मी तिघांकडून ऐकलं, तिच्याकडून, त्याच्याकडून आणि त्याच्या बसच्या कंडक्टरबाईंकडून. तिघांचं एकमत फक्त भोपळ्याबद्दल आहे.

आई ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसली. त्यामुळे फाटकाबाहेरच्या तळणवाल्याने नेहमीप्रमाणे हात वर केला तेव्हा माझा नवरा सरळ समोर बघत निघून गेला. तळणवाला म्हणे बसच्या मागे चार पावलं धावलासुद्धा. कंडक्टरबाई सांगत होत्या, "बावीस वर्षांत पहिल्यांदा गाडी वेळेआधी सुटली."

शेवटच्या थांब्यावर बस वीस मिनिटं थांबते. एरवी तो तेवढा वेळ सीट मागे करून डुलकी काढतो. आई खाली उतरली आणि थांब्यामागच्या मळ्याकडे चालायला लागली. तिथे एक बाई स्वतःच्या वाफ्यातलं तिथेच विकते. पालेभाजी, सलगम, कांदे आणि भोपळे. आईने एक भोपळा कापायला लावून कच्ची फोड तोंडात टाकली. मग दुसरी. हॉस्पिटलात भाजी ट्रकने यायची, चार दिवस जुनी. खुडल्या खुडल्या भाजी कशी लागते हे आपण विसरूनच गेलो होतो, असं ती नंतर मला म्हणाली. तिथे मात्र तिने मळेवालीला एवढंच विचारलं, "हा एवढा गोड कसा?"

"कारण तो अजून कुठे गेलेला नाही," मळेवाली म्हणाली.

वीसची चोवीस मिनिटं झाली. माझ्या नवऱ्याने दोनदा हॉर्न वाजवला. आई हातात अर्धा भोपळा, काखेत कांद्याची पिशवी घेऊन चढली तेव्हा बसमधले लोक तोंडं वाकडी करून बसले होते.

"माफ करा हं," आई सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "या ड्रायव्हरसाठीच आहे. तुमच्या ड्रायव्हरला बसवरून काढणार आहेत."

"आई," पुढून दबका आवाज आला.

पण तोवर बस पेटली होती. काय झालं, का काढणार, कोण काढणार? आईने लपवलं काही नाही. रक्तदाब सांगितला, चरबी सांगितली, गादीचे थर हाताने रचून दाखवले. गादीचं वर्णन ऐकून मागच्या सीटवरच्या एका शिंप्याने आवंढा गिळला.

"सायीऐवजी पांढरे राजमे घ्या," कडेची एक निवृत्त गणिताची शिक्षिका म्हणाली. "मऊ शिजवून थोड्या दुधात वाटायचे. सायीसारखेच दिसतात."

"दिसतात हो, पण लागतात का?" शिंपी म्हणाला.

"लसूण भाजून घातला तर लागतात."

"कांदा तळायचाच कशाला," एक परिचारिका म्हणाली. ती रात्रपाळी करून घरी चालली होती आणि डोळे मिटूनच बोलत होती. "चमचाभर तेल, मंद आच, आणि खाली लागायला लागला की पाण्याचा शिपका. तासाभराने तपकिरी होतो."

"तासभर कोण ढवळणार?"

"ज्याला खायचाय तो."

दारापाशी बसलेले एक म्हातारे गृहस्थ, जे रोज येतात आणि कुणाशी कधी बोलत नाहीत, ते उतरता उतरता म्हणाले, "चीज आत घालू नका. वर घाला, थोडंच. आत घातलेलं पोटाला कळतं, वर घातलेलं जिभेला." आणि निघून गेले. त्यांचा आवाज आपण पहिल्यांदाच ऐकला, असं कंडक्टरबाई सांगत होत्या.

त्या संध्याकाळी भोपळ्याची पहिली गादी झाली. म्हणजे झाली असं म्हणायचं. भोपळ्याला इतकं पाणी सुटलं की राजमे त्यात तरंगायला लागले आणि आम्ही ती वाटीत घेऊन चमच्याने प्यायलो.

"चव बरी आहे," माझा नवरा म्हणाला, "पण यावर झोपता येणार नाही. बुडेल माणूस."

तो आजवर "छान झालंय"च्या पलीकडे गेला नव्हता. आईच्या डोळ्यांत चमक आली. "नेमकं काय कमी आहे? नीट सांगा."

"सांगू? रागावणार नाही ना?"

"मी वही आणते," आई म्हणाली.

तो अर्धा तास बोलत होता. मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कळलं नव्हतं की या माणसाला कुरकुरीतपणाचे चार प्रकार वेगळे ओळखता येतात. आई लिहीत होती, मधे मधे भांडत होती. मिठाबद्दल तिने एक पाऊल मागे घेतलं नाही. त्याने मग लिंबू आणि मिरपूड मागून घेतली.

दुसरी गादी करपली, कारण दोघं कांद्यावरून वाद घालत बसली. सुट्टीच्या दिवशी तिसरीची तयारी झाली. भोपळा आधी नुसता भाजून त्यातलं पाणी उडवलं. बटाटे निम्मे, सालीसकट, पातळ. मधे राजम्याचं वाटण आणि भाजलेला लसूण. वर शिळ्या पावाचा चुरा, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या सांगण्याप्रमाणे चीज, चिमूटभर. कांदा ढवळायला माझा नवरा उभा राहिला. घड्याळ समोर ठेवून, हातात पाण्याची वाटी, चेहरा घाटात गाडी चालवताना असतो तसा.

ताटात घेतल्यावर तो मान खाली घालून खायला लागला. आई त्याच्या चमच्याकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. ताट रिकामं झालं. त्याने ते पुढे केलं.

"आई, अजून आहे का?"

आईने वाढलं. मग काहीतरी आणायला म्हणून आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. परत आली ती रिकाम्या हाताने.

त्यानंतर आई आठवड्यातून दोनदा त्या बसने जायची. पिशव्या घ्यायला तोही उतरायला लागला. डुलकी गेली, रोज मळ्यापर्यंत चालत जाऊन यायची सवय लागली. पालक, सलगम, ओला वाटाणा, जे वाफ्यात असेल ते गादीत. शिंप्याने हक्काने एक डबा मागून घेतला. परिचारिकेने चव घेऊन कांद्याला दहापैकी सात दिले, त्यावरून माझा नवरा दोन दिवस धुसफुसत होता. तळणवाल्याशी मात्र त्याने पूर्ण फारकत घेतली असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा ते भेटतात, आईला सांगून.

मुदत संपली. डॉक्टरांनी फीत पोटाभोवती गुंडाळली, पट्टा दंडाला बांधला, रक्ताचा अहवाल वाचला आणि पुन्हा वाचला. आकडे पूर्ण उतरले नव्हते, पण तिन्ही खाली आले होते.

"गाडी चालवा," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी पुन्हा या. उपास वगैरे करताय का?"

"गादी खातो," तो म्हणाला, आणि नीट समजावून सांगितलं. डॉक्टरांचं स्वतःचं पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं होतं. त्यांनी त्याच्याच अहवालाच्या मागच्या बाजूला कृती उतरवून घेतली, आणि कांद्याला खरंच तासभर लागतो का, असं दोनदा विचारलं.

घरी येऊन त्याने हे सगळं साभिनय सांगितलं. आईने त्या आनंदात मोठी गादी लावली, भोपळा नेहमीपेक्षा जास्त. पहिला तुकडा तिने माझ्या ताटात वाढला. दोघं माझ्याकडे बघायला लागली, कारण इतक्या दिवसांत मला कोणी विचारलंच नव्हतं.

"मला भोपळा आवडत नाही," मी म्हणाले.

आईचा हात थांबला. "कधीपासून?"

"लहानपणापासून."

"दोन महिने खातेयस की."

"तुमचं इतकं छान चाललं होतं. मधे कशाला बोलू?"

माझा नवरा खुर्ची सरकवून पुढे झाला. आईने वही उघडली, नवं पान काढलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"नेमकं काय आवडत नाही?" तिने विचारलं. "वास, की गोडी? नीट सांग."

मी सांगायला सुरुवात केली. जेवण गार झालं, पण कोणाची तक्रार नव्हती.