इस्त्रीखात्यातून फोन

हॉटेलच्या धुलाईखान्यात तिला सगळे 'कडक' म्हणत, कारण तिच्या हातून गेलेली कॉलर दिवसभर मान टाकत नसे. कडकबाईंची स्वतःची मान मात्र भलतीच नरम होती. काचेच्या केबिनमधल्या नव्या मॅनेजरने काहीही विचारलं की ती खालीवर हलायची आणि तोंडातून आपसूक 'येस सर' निघायचं.

साहेबाला इथली भाषा येत नव्हती आणि कडकला साहेबाची. दर गुरुवारी दुपारी तो तिच्या टेबलाशी यायचा, दोन बोटं चालवून दाखवायचा आणि म्हणायचा, "यू कम टुमॉरो?" शुक्रवार ही तिची हक्काची सुट्टी. "येस सर," ती म्हणायची, आणि शुक्रवारी चादरींच्या ढिगाशी उभी असायची.

असे तीन शुक्रवार बुडाले. तिसऱ्या शुक्रवारी लेकीची पोहण्याची शर्यत होती. पोरगी पाण्यात उडी मारायची सोडून बाकांवर आईला शोधत राहिली आणि शिट्टी वाजलेली तिला कळलीच नाही. कशीबशी अंतिम फेरीत गेली. घरी येऊन तिने तक्रार केली नाही, नुसता ओला टॉवेल आईच्या हातात दिला. कडकला ते फार लागलं. अंतिम फेरी दोन आठवड्यांनी होती, तीही शुक्रवारीच.

म्हणजे दोन आठवड्यांत इंग्रजीतून 'नाही' म्हणायला शिकणं आलं. आणि शिकवणारं माणूस घरातच होतं, हीच खरी पंचाईत. सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती आणि अकरा वर्षांत सुनेने त्यांना एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. आता तेच शिकवा म्हणून त्यांच्याकडेच जायचं.

"आई, मला थोडं इंग्रजी शिकवाल का?"

"शिकवेन की. पण समोरासमोर नाही हं. तोंड दिसलं की माणूस घाबरतं," सासूबाई म्हणाल्या. "तू स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. मध्ये भिंत."

चहाच्या वेळेला बाहेरून आवाज आला, "ट्रिंग ट्रिंग." सासूबाईंच्या कानाला टीव्हीचा रिमोट. कडकने आमटीची पळी उचलून कानाला लावली.

"हॅलो. डू यू वॉन्ट टी?"

"नो. आय नो वॉन्ट टी."

"राँग नंबर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला. रिमोट टेबलावर आपटल्याचा आवाज भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू आला.

दर चुकीला असा फोन कटायचा. मग पुन्हा ट्रिंग ट्रिंग.

"अगं, कापडावर पाणी शिंपडल्याशिवाय इस्त्री फिरवतेस का? तसं आधी 'डू' शिंपडायचं. आय डू नॉट. चटकन म्हटलं की आय डोन्ट. विचारायचं असलं की 'डू'ला ओढून सगळ्यात पुढे बसवायचं. 'ही' नाहीतर 'शी' आली तर 'डझ'."

"आणि काल घडलं असेल तर?"

"तर 'डिड'. मग पुढच्या क्रियापदाला हात लावायचा नाही. कालचा सगळा भार एकट्या 'डिड'ने उचललेला असतो."

कडकला हा 'डिड' फार आवडला. मुकाट्याने दुसऱ्याचं ओझं उचलणारं कुणीतरी इंग्रजीतही होतं म्हणायचं.

पहिल्या आठवड्यात ती राँग नंबरच होती आणि मधला शुक्रवारही चादरींतच गेला. दुसऱ्या आठवड्यात मात्र पळी कानाला लावली की वाक्यं सरसर यायला लागली. एकदा तर सासूबाईंनी विचारलं, "डू यू लाइक माय पिकल?" आणि भिंतीआडून ताडकन उत्तर आलं, "नो. आय डोन्ट." या वेळी रिमोट आपटला नाही. "ग्रामर बरोबर आहे," शेवटी सासूबाई म्हणाल्या. नवरा त्या दिवशी जेवायला जरा जपूनच बसला.

गुरुवार उजाडला. दुपारी साहेब आला, बोटं चालवली. "यू कम टुमॉरो?"

कडकने तोंड उघडलं. समोर साहेबाचा चेहरा, मध्ये भिंत नाही, कानाला पळी नाही. "येस सर," ती म्हणाली. साहेब मान डोलावून केबिनमध्ये गेला.

तिला स्वतःचा असा संताप आला की हातातली इस्त्री उशीच्या अभ्र्यावर जरा जास्तच टेकली. करपल्याचा वास आला तशी शेजारची घडीवाली म्हणाली, "अगं, लक्ष कुठाय तुझं?"

लक्ष भिंतीवरच्या इंटरकॉमकडे होतं. आजवर त्यावरून टॉवेलांशिवाय कुणी काही बोललेलं नव्हतं. कडकने इस्त्री उभी केली, रिसीव्हर उचलला, केबिनचा नंबर फिरवला, काचेकडे पाठ केली आणि डोळे मिटले.

"गुड आफ्टरनून सर," ती थेट सासूबाईंच्या आवाजात म्हणाली. "धिस इज आयर्निंग. आय डोन्ट वर्क ऑन फ्रायडे."

घडीवालीने नंतर सांगितलं की साहेब खुर्चीतून उठून उभाच राहिला होता. त्याला बहुधा मुख्य कचेरीचा फोन वाटला. मग सावरून तो म्हणाला, "यू नो कम टुमॉरो?"

"राँग नंबर," कडक म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

ठेवला आणि मग तिला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. चौदा दिवस तेच कानावर पडत होतं, दुसरं काय. साहेब रिसीव्हरकडे बघत होता. घडीवालीने तोंडात टॉवेल कोंबला होता. नोकरी जाणार, हे कडकने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

इंटरकॉम वाजला. ती पुन्हा पाठ करून उभी राहिली.

"एक्स्क्यूज मी," साहेब सावकाश म्हणाला. "डू यू वर्क टुमॉरो?"

बोटं नाहीत, तुकडे नाहीत. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच साहेब तिच्याशी अख्ख्या वाक्यात बोलला होता. आपल्याला तुकडेच कळतात असं त्याने गृहीत धरलं होतं, हे तिला तेव्हा उमगलं आणि तिची मान कॉलरीसारखी ताठ झाली.

"नो सर. आय डोन्ट."

"ओके," साहेब म्हणाला. "सॉरी. थँक यू."

शुक्रवारी शर्यत आटोपल्यावर तलावाच्या फाटकातून तिने घरी फोन लावला, यावेळी खराखुरा. शेजारी लेक केस पुसत उभी होती.

"डिड शी विन?" सासूबाईंनी अधीरपणे विचारलं.

"नो. शी डिडन्ट. चौथी आली."

"डिड शी सी यू?"

कडकने लेकीकडे पाहिलं. उडी मारायच्या आधी पोरीने एकदाच बाकांकडे बघितलं होतं, आणि मग समोर पाण्याकडे. "येस," ती म्हणाली. "शी डिड."

मग साध्या घरच्या भाषेत त्या म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले गं. साहेबाला 'नाही' म्हणायचं मला नाही जमलं कधी. या लवकर. चहा मी ठेवते."

'चहा मी ठेवते' हे वाक्य अकरा वर्षांत त्या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. कडकने डोळे पुसले, घसा साफ केला.

"राँग नंबर," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.