तिसऱ्यातून दुसऱ्यात

नोनोंच्या गाडीत येर्बाच्या पाल्याचा गरम चहा प्यायचा नाही, हा नियम नोनोंचाच. त्या सकाळी मोडलाही त्यांनीच.

नोनो म्हणजे माझे सासरे, एर्मिंदो. आमची मुलगी रेनाता झाल्यापासून घरात त्यांना आजोबांच्या याच नावाने हाक मारतात. त्यांची लाल, उघडी, दोन माणसांची गाडी साठ वर्षांची आहे. मोतीबिंदूमुळे त्यांचं लायसन्स गेलं. माझ्या नवऱ्याला, लिसान्द्रोला, त्यांनी सतराव्या वर्षी गिअर खरवडला म्हणून भर रस्त्यात उतरवलं होतं. तेव्हापासून तो त्या गाडीला हात लावत नाही. उरले मी. तीन महिने दर रविवारी त्यांनी मला शिकवलं.

त्या गाडीत नुसता क्लच दाबून खालचा गिअर पडत नाही. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडायचा, ऍक्सिलरेटरला एक टोला द्यायचा, इंजिन चढलं की पुन्हा क्लच आणि मग गिअर. मधल्या क्षणी गाडी कशालाच बांधलेली नसते. तो क्षण मला सोसत नाही. मी घाई करते आणि आत गिअरचे दात करकरतात.

"पोरी, न्यूट्रलमध्ये साप नाही बसलेला," नोनो म्हणायचे. "थांब जरा. येतंय इंजिन."

घाटापलीकडे, मीना क्लावेरो गावात, जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मी एका अटीवर तयार झाले. लिसान्द्रोने पिकअपमधून नऊ महिन्यांच्या रेनाताला घेऊन माझ्या अगदी मागे राहायचं. आरशात तिच्या खुर्चीचं पिवळं छत मला सतत दिसलं पाहिजे. चढावर तो दोनदा मागे पडला, दोनदा मी हात करून त्याला जवळ बोलावलं.

माथा ओलांडून उतार लागला तसा नोनोंनी कोटाखालून स्टीलचा थर्मास काढला. उताराला घसा कोरडा पडतो, म्हणाले. चालवणाऱ्याला येर्बा पाजणं हे शेजारी बसणाऱ्याचं कामच, त्यामुळे मी नको म्हटलं नाही. पुढच्याच वळणावर थर्मास त्यांच्या मांडीवरून निसटला, मधल्या उंचवट्यावरून माझ्या पायांत आला. मी ब्रेक दाबला. पेडल बोटभर गेलं आणि अडकलं. थर्मास त्याच्या मागे जाऊन बसला होता.

गाडी चौथ्यात होती. नोनो वाकले, पोट आड आलं, तरी त्यांचा हात खाली चाचपडू लागला. हात काढा, क्लचमध्ये सापडेल, असं मी त्यांना म्हटलं. गिअरनेच वेग मारावा लागणार होता.

आणि मग मी आरशात पाहिलं. गिअरने गाडी हळू झाली तरी मागचा दिवा पेटत नाही. लिसान्द्रोला काहीच कळणार नव्हतं. मी बोलावलं होतं तितक्या जवळ तो होता, सात-आठ हातांवर, आणि त्याच्या गाडीत रेनाता.

"नोनो, त्याला मागे जायला सांगा. हाताने सांगा."

नोनो अर्धवट उठून वळले आणि हात हलवू लागले. आरशात मला दिसलं, लिसान्द्रो हसला. त्यानेही हात हलवला.

"गाढव आहे," नोनो म्हणाले. मग त्यांनी दोन्ही तळवे पुढे करून त्याला असं ढकललं, जसं कुणाला ओट्यावरून खाली लोटावं. लिसान्द्रोचा चेहरा पडला. पिवळं छत लहान होत गेलं, नखाएवढं झालं, आणि वळणाने ते कापून नेलं.

आरशात नुसता रस्ता राहिला. मी आरशातून नजर काढली.

क्लच दाबला, गिअर काढला, क्लच सोडला. गाडी मोकळी धावू लागली, दरी उजवीकडून जवळ येत होती. मी टोला दिला आणि थांबले. आवाज चढला. तिसरा पडला, न करकरता. गाडीने आम्हाला पुढे फेकलं. दुसऱ्यासाठी वेग अजून जास्त होता, म्हणून एक अख्खं वळण मी तिसऱ्यातच काढलं. मागचं चाक खडीवरून सरकलं. मग पुन्हा तेच, टोला जरा मोठा. दुसरा पडला. पुढच्या छोट्या चढावर एक रुंद, खडीची जागा होती, तिथे गाडी रांगत गेली आणि मी हँडब्रेक ओढला.

नोनो थर्मास काढायला वाकले. मी उतरून रस्त्याने मागे पळत सुटले.

पिकअप हळूहळू आली. रेनाता पावाचा तुकडा चघळत होती. मी तिचे पाय, मान, कपाळ चाचपलं. नोनोही मागून चालत आले होते, पण लिसान्द्रो बापाकडे बघत नव्हता.

"मला वाटलं, पुन्हा माझंच काहीतरी चुकलं," तो म्हणाला.

"या वेळी माझं," नोनो म्हणाले. थर्मास त्यांच्या हातात होता.

लिसान्द्रो पुन्हा माझ्या मागे यायला निघाला. मी नको म्हटलं. पुढेही लगेच नको, कारण मग मीच त्यांच्यावर जाईन. दहा मिनिटं आधी नीघ, म्हटलं, आणि तिला खाली गेल्यावर खायला घाल.

"तुला दिसणार नाही ती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

पिकअप गेली. मी घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं झाली तेव्हा ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला, आणि दुसऱ्यातच, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, अशी उतरत गेले.